‘याला स्पेशल शाळेत टाका’ : पाचवीतल्या एका मुलाची पूर्ण केस

ही केस मुलाच्या आईवडिलांना विचारून लिहितेय. नाव लिहीत नाही, गावही नाही, सातारा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं ठिकाण एवढं पुरे. मी स्पेशल एज्युकेटर आहे, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे, आणि काम जवळपास सगळं मराठी माध्यमाच्या मुलांसोबत. अध्ययन अक्षमता (लर्निंग डिसेबिलिटी, थोडक्यात एलडी) म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारा अडथळा. त्याबद्दल वाचायला गेलं की बी आणि डी उलटा लिहिणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या पोरांचीच उदाहरणं मिळतात, आपल्या काना मात्रा वेलांटीत अडकलेलं पोर कसं दिसतं ते फार कमी लोक सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑगस्ट २०२२ मध्ये आई पोराला घेऊन आली. वडिलांचा स्वतःचा छोटा हत्ती, भाजीची आणि सिमेंटची भाडी मारतात, आई घरी शिवणकाम करते. पोरगा पाचवीत, नुकताच दहा पूर्ण. शाळेतनं सांगितलं होतं की याला वाचता येत नाही, याला स्पेशल शाळेत टाका, इथे याचं नुकसान होतंय. आता सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, वर्गात ५२ पोरं आणि बाई एकट्या. पण आईने ‘स्पेशल शाळा’ हा शब्द ऐकला आणि दोन दिवस जेवली नाही, हे तिने मला बऱ्याच महिन्यांनी सांगितलं.

माझ्याकडे यायच्या आधी ते खरंच त्या शाळेत जाऊन आलेले. आमच्या भागात स्पेशल शाळा म्हणजे बौद्धिक अक्षम मुलांची नाहीतर कर्णबधिर मुलांची, तिसरी नाही. तिथल्या बाईंनी पोराला दहा मिनिटं बोलतं केलं, त्याने टेम्पोचं भाडं किलोमीटरवर कसं काढतात ते तोंडी हिशोब करून सांगितलं, डिझेल वजा करून. त्या बाई आईला म्हणाल्या, अहो ताई, याला इथे का आणलंत, हा इथला नाही. आणि शाळा म्हणते हा आमचाही नाही. म्हणजे पोर दोन्ही दारांच्या मधे उभं. माझ्या मते या केसचा खरा प्रश्न हाच होता, आणि लर्निंग डिसेबिलिटीची मराठी माध्यमातली बहुतेक मुलं अशीच मधे उभी असतात. फक्त एलडीच्या मुलांसाठी म्हणून चालवलेल्या शाळा मुंबईत वगैरे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, त्यांची फी आणि माध्यम दोन्ही या घराच्या आवाक्याबाहेर.

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण पालकांना हे कोणी सांगत नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ वेगळी म्हणून आली, एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच कायद्यात शाळेवर जबाबदारी टाकलीय की असं मूल लवकरात लवकर ओळखायचं आणि शिकवायची पद्धत त्याला झेपेल अशी करायची. म्हणजे कायद्याप्रमाणे हा मुलगा त्याच्या आत्ताच्या शाळेचाच.

मी लगेच एलडी म्हणाले नाही, म्हणणं शक्यच नव्हतं, कारण ही २०२२ ची गोष्ट आहे. पोरगा दुसरीत होता तेव्हा मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तिसरी पूर्ण मोबाईलवर, आणि मोबाईल बापाच्या खिशात भाड्यावर. चौथीत डिसेंबरात कुठे वर्ग उघडले. त्याच्या वर्गात न वाचणारी तो धरून नऊ पोरं होती. सगळे म्हणायचे लॉकडाऊनची बॅच आहे, येईल हळूहळू. आणि खरंच, त्यातल्या आठांना आलं! वर्गाच्या बाईंनी रोज पहिल्या तासाला अर्धा तास वाचन घेतलं, नवरात्र संपेपर्यंत त्यातली सहा पोरं सुरळीत वाचायला लागली, दोन रखडत का होईना पुढे सरकली, हा एकटा होता तिथेच. माझ्या नोंदवहीत सगळ्यात महत्त्वाची नोंद ही आहे, कुठल्याही टेस्टपेक्षा. कारण नीट शिकवलं तरी येत नाही हे बघितल्याशिवाय एलडीचा शिक्का मारणं म्हणजे पोराशी बेईमानी.

मग टेस्ट. आधी डोळे आणि कान, दोन्ही ठीक. बुद्ध्यांकासाठी मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली चाचणी साताऱ्यातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने घेतली, एकूण ९८ आला, म्हणजे चारचौघांसारखा. वाचनासाठी ‘डाली’ वापरलं, हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे त्यांनी बनवलेलं, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. मराठीत मोजमाप करणारं साधन आहे हेच बऱ्याच शाळांना माहीत नाही, इंग्रजी परिच्छेद वाचायला देऊन मराठी पोराला नापास करणारे रिपोर्ट मी डोळ्यांनी बघितलेत.

माझं स्वतःचं मोजमाप साधं. दुसरीच्या पुस्तकातला उतारा आणि घड्याळ. मिनिटाला १४ शब्द बरोबर. त्याच वर्गातली मधल्या फळीतली मुलं पाचवीचा उतारा मिनिटाला ७०-७५ शब्दांनी वाचत होती.

आता ते श्रुतलेखन दाखवते कारण सगळं तिथेच आहे. दहा शब्द घातले होते. घर आणि भाकरी बरोबर. दिवसचं ‘दवीस’. मिरचीचं ‘मरीची’. शाळेतचं ‘शाळत’. प्रकाशचं ‘पकाश’. चंद्रचं ‘चद’. किल्लाचं ‘कला’. दुसऱ्याचं ‘दुसया’. आणि गर्दीच्या जागी आधी ‘गदी’, खोडून ‘ग्रदी’, परत खोडून कागदाला भोक पडलेलं. ते भोक मला अजून डोळ्यासमोर दिसतं, कारण त्या भोकाचा अर्थ असा की त्याला कळत होतं काहीतरी राहिलंय, पण काय आणि कुठे ते सापडत नव्हतं.

इथे माझी मोठी चूक झाली ती सांगायलाच पाहिजे. माझं ट्रेनिंग झालं ते इंग्रजीतली उदाहरणं घेऊन. त्यामुळे मी आधी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांवर तुटून पडले, घ आणि ध, भ आणि म, रांगोळीत गिरव, पॉलिश पेपरवर बोट फिरव, पानंच्या पानं. दिवाळीपर्यंत सहा आठवडे हेच. पोरगा बिचारा सांगितलेलं सगळं करायचा. सहा आठवड्यांनी परत मोजलं तर मिनिटाला १५ शब्द. मग मी गप बसून ती श्रुतलेखनाची वही परत उघडली आणि लाज वाटली, कारण घर बरोबर होतं, भाकरी बरोबर होती, घ-ध किंवा भ-मची एकही चूक त्या पानावर नव्हतीच! सुटी अक्षरं तर तो जवळपास सगळी ओळखत होता. मी त्याच्या वहीकडे बघून नाही, माझ्या नोट्सकडे बघून शिकवत होते.

त्याला विचारलं होतं की अक्षरं हलतात का रे, नाचतात का, कारण सगळे असंच समजतात. तो म्हणाला, “नाही बाई, अक्षरं नाय हलत. मीच थांबतो.”

मग थांबतो कुठे ते शोधलं. गर्दी म्हण म्हणलं, टाळी वाजवत म्हण. गर्-दी, दोन टाळ्या, बरोबर. पहिल्या टाळीत काय काय आहे? म्हणाला, ग. आणखी? बराच वेळ विचार करून, “नुसता ग.” गर्दीतला र काढून टाकला तर काय राहील विचारलं तर म्हणाला, “गर”. त्याच्या वर्गातल्या कुठल्याही पोराला विचारा, पटकन ‘गदी’ म्हणतं. म्हणजे अडचण डोळ्याची नव्हतीच, टाळीच्या आत दडलेला आवाज त्याच्या कानाला सुटा होत नव्हता. आणि आपली लिपी अशा पोराला आणखी कोड्यात टाकते. रफार ऐकू येतो द च्या आधी पण बसतो द च्या डोक्यावर. पहिली वेलांटी ऐकू येते अक्षरानंतर आणि लिहायची अक्षराच्या आधी. एकटा र बघा, प्रकाशात पायाशी तिरका, ट्रकमध्ये खाली टोपीसारखा, गर्दीत डोक्यावर, दुसऱ्यात आडवा. चार जागा! ज्याचा कान पक्का त्याला हे कळतही नाही, आपोआप होतं. ज्याचा कान तो तुकडा पकडत नाही त्याने कितीही गिरवलं तरी गिरवून येणार काय?

दिवाळीनंतर सगळं बदललं. आठवड्यातून चार दिवस, ४५ मिनिटं, शाळा सुटल्यावर. पहिले पंधरा मिनिटं वही बंद, नुसते आवाज. टेबलावर बिब्ब्याएवढे लाकडी ठोकळे, प्रत्येक आवाजाला एक ठोकळा सरकवायचा. ‘मन’ला किती, ‘मान’ला किती, ‘गर्’ला किती. मग कापडाची अक्षरं. ही आईची करामत, मी फक्त तिला सांगितलं होतं की र वेगळा दिसला पाहिजे. तिने ब्लाउजपीसच्या उरलेल्या चिंध्यांतून अक्षरं कापली, आत बकरम घातलं म्हणजे ताठ राहतात, सगळी अक्षरं निळी आणि र च्या चारही तऱ्हा लाल, वेलांट्या पिवळ्या. गर्दी लिहायची तर आधी ग, मग लाल अख्खा र, मग दी, ओळीत, जसं ऐकू येतं तसं. आणि मग तो र हाताने उचलायचा आणि रफाराचा लाल तुकडा दीच्या डोक्यावर ठेवायचा. पोरगा तोंडाने म्हणायचा, “उडी.” सर्व, उडी. वर्ष, उडी. पर्स, उडी. वहीत लिहितानाही महिनाभर ओठ हलायचे त्याचे, उडी उडी उडी.

पहिल्या वेलांटीलाही तेच, आधी आवाज ओळीत, मग पिवळी वेलांटी उचलून मागे न्यायची. हाताला तो प्रवास कळला की डोळ्याला कळतो असा माझा अनुभव. हे तंत्र काही मी शोधलेलं नाही, डोळा कान हात एकत्र वापरून पायरीपायरीने शिकवायची पद्धत अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातनं १९३० च्या आसपास उभी राहिली, जगभर तीच चालते. फक्त तिच्यातल्या पायऱ्या इंग्रजीच्या आहेत आणि आपल्याला मराठीच्या पायऱ्या आपणच रचाव्या लागतात, नुसतं भाषांतर केलं की माझ्यासारखे सहा आठवडे वाया जातात.

जानेवारीत एक गंमतच वाटावी असं घडलं, पण त्या घरात त्या दिवशी रडारड झाली. पोराने शाळेच्या वहीत निबंध लिहिला, पहिल्यांदा स्वतःहून सात ओळी, आणि त्यात ‘मी गाडी धुवायला मदत कर्तो’, ‘पप्पा बोल्तात’, ‘आम्ही बस्तो’. पान लाल झालेलं. आई वही घेऊन धावत आली, मॅडम आधी करतो तरी बरोबर लिहायचा, आता तेही गेलं, आपण बिघडवलं का याला. मी ते पान बघितलं आणि मला इतका आनंद झाला की तिला कळेना. अहो, आपण बोलताना कर्तोच म्हणतो ना! लिहिताना र पूर्ण लिहितो एवढंच. ज्या पोराला ऑगस्टमध्ये गर्दीतला र ऐकू येत नव्हता त्याला आता करतोमधला आडोशाला गेलेला र सुद्धा ऐकू येत होता, आणि शिकवल्याप्रमाणे त्याने इमानदारीत त्याला उडी मारायला लावली होती. ही चूक पाठांतराने लिहिणारं पोर करूच शकत नाही, ऐकून लिहिणारंच करतं. वर्गाच्या बाईंना मी जाऊन हे समजावलं, त्यांनी तो निबंध परत मागवला आणि खाली बरोबरची खूण केली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मग पुढचा टप्पा, शब्द फोडायचे. कर अधिक तो, बोल अधिक तात. मूळ शब्द पूर्ण लिहायचा, शेपूट नंतर जोडायचं. गर्दीला शेपूट नाही म्हणून तिथे उडी. हे त्याला गाडीला ट्रॉली जोडल्यासारखं वाटलं, दोन आठवड्यांत बसलं.

शाळेत काय बदललं ते थोडंसंच पण कामाचं. अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावायचं बंद, उद्याचा उतारा आज सांगायचा म्हणजे तो घरी तयारी करून येणार. विज्ञान परिसरचे प्रश्न तोंडी. फळ्यावरचं उतरवून घ्यायला जोडीदाराची वही. शुद्धलेखनाचे गुण वेगळे, उत्तराचे वेगळे. एवढ्याला पैसा लागत नाही. खेळायच्या सुट्टीत बसवून वाचन घ्यायचं एकदा सुरू झालं होतं ते मात्र मी भांडून बंद केलं, दिवसभर जे जमत नाही त्यात बसलेल्या पोराची सुट्टी तरी त्याची राहू दे.

सर्टिफिकेटची कहाणी दमवणारी. जानेवारी २०२३ ला सुरुवात, हातात पडलं ऑगस्टमध्ये, पोरगा सहावीत गेलेला. एका सरकारी दवाखान्यात सांगितलं आमच्याकडे सायकॉलॉजिस्टची जागा रिकामी, पुण्याला जा. पुण्यात चार खेपा. एका खेपेला कागदावर शाळेचा शिक्का गोल पाहिजे होता, होता चौकोनी. प्रत्येक खेप म्हणजे टेम्पो एक दिवस उभा, बुडालेलं भाडं आणि एसटीचं तिकीट वेगळं. एका काउंटरवर पोरासमोर विचारलं, मतिमंदचं काढायचंय का. तो घरी येईपर्यंत बोलला नाही. या सगळ्याला पर्याय नाही कारण बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक हे त्या कागदाशिवाय मिळत नाही. आणि २०१८ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे हे आठ वर्षांनंतर मिळतं, चौदाव्या वर्षी परत तपासणी, अठराव्या वर्षी परत. ज्यांची मुलं सहावी सातवीत आहेत त्यांनी चौदावं वर्ष दहावीच्या फॉर्मच्या किती आधी येतंय ते आत्ताच कॅलेंडरवर बघून ठेवा.

आकडे जसे आहेत तसे देते. पाचवीच्या शेवटी मिनिटाला २६ शब्द, दुसरीच्याच उताऱ्याचे. सहावीच्या शेवटी ३८, उतारा तिसरीचा. आता आठवीत आहे, पाचवीचा उतारा ६१ शब्दांनी वाचतो आणि वाचलेलं समजतं. वर्गाच्या बरोबरीला आलेला नाही, बहुधा येणारही नाही, वेग कायम थोडा मागे राहील. ऱ्हस्व दीर्घ अजून चुकतं, पण ते तर निम्म्या महाराष्ट्राचं चुकतं. सहावीत मधे दोन महिने आई आजारी म्हणून येणं बंद झालं तर सात आठ शब्दांनी खाली घसरला, परत चढायला महिना गेला. आणि इंग्रजी फार जड जातंय, तिथे अजून मला नीट वाट सापडलेली नाही.

एक विचारतात सगळे, मग याच्यात वेगळी काय कला आहे? चित्र काढतो का, वाजवतो का काही? नाही हो. साधं पोर आहे, क्रिकेट बरं खेळतं, गाडी धुतं, बहिणीशी भांडतं. अशा मुलांत काहीतरी लपलेला हिरा सापडलाच पाहिजे ही अपेक्षा मला खूप त्रास देते, त्या पोरांवर दुसरं ओझं आहे ते. वाचायला शिकायला हिरा असावं लागत नाही.

सध्या प्रश्न आहे दहावीच्या गणिताचा. शाळेतनं सुचवलंय की सर्टिफिकेट आहे तर सगळ्या सवलती घ्या, गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं, पास होणं सोपं. माझा याला विरोध आहे आणि मी तो लेखी दिलाय. याचा अडथळा वाचन लेखनाचा आहे, गणिताचा नाही, शाब्दिक उदाहरण कोणी वाचून दाखवलं तर तो वर्गातल्या बऱ्याच जणांच्या आधी सोडवतो. गणित सोडलं की पुढे डिप्लोमाची वाट अवघड होते, आणि त्याच्या डोक्यात ऑटोमोबाईल आहे. त्याला पाहिजे जादा वेळ, तासाला २० मिनिटं, आणि प्रश्न वाचून दाखवणारा माणूस. वडील आधी म्हणाले मॅडम सोपं ते घेऊ की. मग मी त्यांच्यासमोर पोराला नववीच्या पुस्तकातली दोन उदाहरणं वाचून दाखवली. पहिलं त्याने तोंडी सोडवलं, दुसऱ्याला कागद मागितला. वडिलांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, म्हणाले जूनमध्ये पुण्याला जायचंय ना परत तपासणीला, तेव्हा सोबत नेतो.